दहा-बारा हजारात खेड्यात काय सुरू करता येईल? अनुभव असलेल्यांनी सांगा

वऱ्हाडची_लेक

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव दिग्रसच्या बाजूला आहे, यवतमाळ जिल्हा, साडेतीनशेच्या आसपास घरं. घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीचे तास (ओळी), एका तुकड्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी बारावी झाली आहे, पोरगी अंगणवाडीत जाते, घरात सासू-सासरे, मिस्टर आणि मी. बचत गटात आहे आणि माझे स्वतःचे म्हणून बारा हजार रुपये जमले आहेत. वावरातून वर्षाचं भागते पण हातात पैसा राहत नाही, पोळ्याच्या वेळेस तर कोणाकडं तरी मागाच लागते, ते मला बंद करायचं आहे.

सासरे म्हणतात ओसरीत किराणा टाक, घरबसल्या होईल. मिस्टर म्हणतात फाट्यावर नाश्त्याचा ठेला लावू. शिलाई मला येते पण गावात चार बाया आधीच शिवतात आणि ब्लाऊजचे पैसे सहा-सहा महिने देत नाहीत. आणि मागच्या आठवड्यात एक माणूस गावात येऊन गेला, अगरबत्तीची मशीन देतो म्हणे, पस्तीस हजाराची, आता दहा भरा बाकीचं कर्ज आम्ही करून देऊ, कच्चा माल आमचा आणि तयार झालेला सगळा माल आम्हीच उचलणार, करारपण करून देतो म्हणे. गावातल्या तीन जणी तयार झाल्या आहेत आणि मला पण म्हणतात की तू ये म्हणून, परवापर्यंत सांगायचं आहे.

कर्जाची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू, आमच्या गल्लीत हप्त्याचा दिवस आला की दोन घरं सकाळपासून बंद असतात. तरी काहीतरी करायचंच आहे. खरं काय ते सांगा, नुसतं "मेहनत करा यश मिळेल" असं नको.


फाट्यावरचा_ठेला

ताई पयले ते अगरबत्तीवाल्याले नाई म्हणा. आजच म्हणा, परवाची वाट पाहू नका. आमच्या इकडं कारंजाकडल्या दोन गावात असाच एक जण येऊन गेला होता, पयला माल उचलला, पैसे बी देले, त्यानं सगळ्यायचा भरोसा बसला. दुसऱ्या खेपेले म्हणे काडी ओली हाय, तिसऱ्या खेपेले म्हणे मसाला सारखा लागला नाई, माल रिजेक्ट. मंग फोनच बंद. मशीन घरात पडून आन् कर्ज बायकायच्या नावावर. जो माल घ्याले एकच गिऱ्हाईक हाय आन् तोच मशीन विकून रायला, त्याचा धंदा मशीन विकाचा हाय, अगरबत्तीचा नाई. एवढं ध्यानात ठेवा.

आता ठेल्याचं सांगतो, मी सोता लावतो म्हणून सांगतो. गावात नाश्ता चालत नाई, फाट्यावर चालते, आन् त्या फाट्यावर यष्टी थांबली पाह्यजे, शाळेचे मास्तर, बँकेचे लोकं, ट्रकवाले उतरले पाह्यजे. गावात सकाळी सात वाजता कोनाच्या घरी चूल पेटलेली नसते सांगा बरं. तुमच्या फाट्यावर सकाळी एक दिवस जाऊन बसा आन् मोजा, किती जण उतरतेत, किती जण चहा पेतेत. पन्नास-साठ माणसं थांबत नसतीन तं ठेल्याचा इचार सोडा.

पोह्यात सुटते काय ते बी पाहा. एक किलो पोहे भिजवले का बारा-तेरा प्लेटा निंघतेत. पोहे सस्ते वाटतेत पण पैसा खाते ते तर्री. चणे रातीच भिजू घाला लागते, कांदा-खोबरं भाजून वाटा लागते, तिखट चांगलं पाह्यजे, आन् तेल हात आखडून टाकलं तं वर तवंग येत नाई, तवंग नाई तं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्याकडं. वरून सांबार म्हंजे कोथिंबीर, बारीक शेव, लिंबू, सगळं मोफतच द्या लागते. वीस रुपयाची प्लेट विकली तं माह्या हातात सात-आठ रुपये रायतेत, आन् त्यात माही आन् घरच्या माणसाची मजुरी धरली नाई. चार वाजता उठा लागते. घरगुती सिलिंडर ठेल्यावर चालत नाई, कायद्यानं बंदी हाय, धंद्याचं 19 किलोचं वेगळं घ्या लागते, त्याचंच डिपॉझिट, शेगडी, भांडी, ठेला धरला तं बारा हजार तिथंच संपतेत आन् पोहे घ्याले पैसे उरत नाई. दोघंबी पूर्ण वेळ देणार असान तं करा, पण मंग सोयाबीन काढाच्या वेळेस ठेला बंद ठेवा लागन हे पयलेच धरून चाला.


दुकानदार_दारव्हा

वरच्या भाऊंशी सहमत. मी किराण्याबद्दल सांगतो, आमचं दुकान वडलांपासून आहे.

ताई, खेड्यातल्या किराण्याला माल भरायला किती पैसे लागतात हा प्रश्न नाही, उधारीत किती अडकतात हा प्रश्न आहे. बारा हजाराचा माल भरला तर पहिल्या महिन्यातच त्यातले सात-आठ हजार वहीत जाऊन बसतील. मग घाऊकवाल्याला द्यायला पैसे नाहीत, मग साखर नाही, चहापत्ती नाही, आणि ज्यांच्याकडं उधारी आहे तेच लोक नगदी घेऊन दुसऱ्या दुकानात जातात, कारण तुमच्या दुकानात आले तर तुम्ही मागाल. भावकीत तर मागताच येत नाही. सासऱ्यांचे मित्र, मिस्टरांचे मित्र, कोणाला नाही म्हणणार तुम्ही? नव्या सुनेनं उधारी नाही म्हटलं की आठ दिवस गावात तीच चर्चा.

आपल्याकडं पैसा कधी फिरतो ते बघा. दसरा-दिवाळीला सोयाबीनचा पैसा येतो, त्यातून कृषी केंद्राची उधारी जाते. दिवाळीनंतर कापूस सुरू होतो तो फेब्रुवारीपर्यंत, मग तूर, चणा. होळीपर्यंत माणसाच्या खिशात काहीतरी असते. मग लग्नं, आणि मे संपता संपता बियाणं-खत, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत गाव कोरडं. त्या पाच महिन्यात मजुरी सोडून नगदी पैसा गावात येतच नाही, आणि मजुरीचा चुकारा होतो बाजाराच्या दिवशी, तो तिथंच भाजीपाल्यात संपतो. पोळ्याला तुम्हाला मागा लागते म्हणता ना, पोळ्याला सगळ्यांनाच मागा लागते, दुकानदाराला पण. म्हणून जो धंदा फक्त गावातल्या गावात पैसा फिरवतो तो पाच महिने अडकतोच. पैसा बाहेरून आणणारा धंदा बघा. पगारदार माणूस, तालुक्याचा, जिल्ह्याचा, नागपूर-अमरावतीचा, ज्याचा पगार एक तारखेला होतो तो तुमचा गिऱ्हाईक पाहिजे.

आणि हो, ज्या बायका ब्लाऊजचे पैसे सहा महिने देत नाहीत त्या किराण्याचे पण देणार नाहीत.


डाळवाली_समुद्रपूर

ताई, तुमच्या पोस्टमध्येच तुमचा धंदा आहे, सोयाबीनमध्ये तुरीचे तास आहेत म्हणता. आता फेब्रुवारी चालू आहे, तूर घरात आली असेल किंवा खळ्यावर असेल. किती झाली? दोन-तीन क्विंटल तरी असेलच. ती यंदा सगळीच्या सगळी अडत्याला नका देऊ, थोडी डाळ करून विकून पाहा. मी हेच करते, वर्धा जिल्ह्यात, सुरुवात घरच्याच तुरीपासून केली.

आता सविस्तर सांगते कारण यात मशीन घ्यायची अजिबात गरज नाही आणि लोक तिथंच फसतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी दालमिल काढलेली आहे, तशा मिली आता बऱ्याच गावात झाल्या आहेत, कोणी गटानं घेतली, कोणी शेतकऱ्यानं. तुमच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये एक तरी सापडेलच. तिथं क्विंटलप्रमाणे भरडाई घेतात, आमच्याकडं आठशेच्या आसपास पडते, तुमच्याकडं विचारून घ्या. तूर न्यायची, डाळ आणि चुणी म्हणजे टरफल-कणी घेऊन यायची. मिलवाल्याची मशीन वर्षात तीन-चार महिने चालते आणि बाकी बसून राहते, ते बसून राहणं त्याला परवडू द्या, तुम्ही कशाला घेता.

पण मिलमध्ये टाकण्याच्या आधीचं आणि नंतरचं काम आपलं असते आणि डाळीची किंमत तिथंच ठरते. तूर आधी चाळून घ्यायची, बारीक आणि फुटकी वेगळी, खडे वेगळे. मग मिलमध्ये पहिल्या फेरीत नुसते टरफलाला चरे पाडतात, मग तेलाचा हात लावून रात्रभर ढीग झाकून ठेवतात, मग दोन-तीन दिवस कडक ऊन, आणि मग भरडतात. काही जण घाईत पाणी जास्त मारतात, टरफल लवकर निघते पण तशी डाळ शिजायला वेळ घेते, आणि शहरातल्या बाईनं एकदा कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या की ती परत तुमच्याकडून घेत नाही. मिलवाल्याजवळ उभं राहून करून घ्या. घरी आणल्यावर सुपानं पाखडायची, चाळायची, मुकणी म्हणजे न फुटलेले दाणे हातानं वेचायचे. सासूबाई आणि तुम्ही दुपारी बसलात तर वीस-पंचवीस किलो सहज होते. पॉलिश नाही करायची. दुकानातली डाळ चकचकीत दिसते, आपली थोडी मळकट आणि पिवळी दिसते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं.

आता हिशेब. तीन क्विंटल तूर धरा. मार्केटला 6800 नं गेली तर 20,400 येतील, त्यातून गाडीभाडं, हमाली जाईल. डाळ केली तर क्विंटलला साधारण 70 किलो पडते, म्हणजे 210 किलो. 130 रुपये किलोनं 27,300. त्यातून भरडाई 2400 आणि पिशव्या वगैरे 900 काढा, राहिले 24,000. चुणी साठ किलोच्या आसपास निघते, ती ढोरांना चालते, गावातच वीस रुपये किलोनं जाते, 1200 आले. एकूण 25,200. म्हणजे चार-पाच हजार जास्त. फार मोठी रक्कम नाही हे मला माहीत आहे, आणि कोणी तुम्हाला यात महिन्याला पंचवीस हजार सुटतात म्हणून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास नका ठेवू.

अजून एक. 2025-26 चा हमीभाव 8000 आहे. तुमची सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी झाली असेल आणि खरंच नंबर लागून पैसे खात्यात येणार असतील तर तीन क्विंटलचे 24,000 होतात, मग 130 च्या भावानं डाळ करण्यात हजार-बाराशेचाच फरक राहतो, तेवढ्यासाठी जास्त राबू नका. मग फक्त एक क्विंटल ठेवून घ्या आणि गिऱ्हाईक जमते का ते पाहा. गिऱ्हाईक जमलं तर पुढच्या वर्षी शेजाऱ्यांची तूर मार्केटच्या भावानं नगदी घ्यायची, त्यांचं गाडीभाडं आणि हमाली वाचते म्हणून ते आनंदानं देतात. बारा हजारात दीड क्विंटल येते, ती विकली की पुन्हा दीड. तेच पैसे हंगामात पुन्हा फिरतात. मशीनमध्ये घातलेला पैसा असा फिरत नाही.

वेळ मिळाला तर वर्ध्याला मगनवाडीत जाऊन या, तिथं एमगिरी आहे, खेड्यातल्या उद्योगाचं ट्रेनिंग देतात. 1934 मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला तो तिथंच. मी तिथून पॅकिंगचं शिकले.


गटाची_ताई_पुसद

मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या बचत गटांच्या अभियानात, सीआरपी (गावोगावी गटांना मदत करणारी ताई) आहे म्हणून कागदांचं आणि कर्जाचं सांगते, डाळीचं वरच्या ताईंनी छान सांगितलं.

आधी कर्जाचं. सगळं कर्ज सारखं नसते. घरोघरी येणारे जे मायक्रोफायनान्सवाले आहेत त्यांचा हप्ता आठवड्याचा, पंधरा दिवसाचा नाहीतर महिन्याचा असतो आणि तो लगेच सुरू होतो. डाळीचा पैसा दीड-दोन महिन्यानं येतो. पैसा येण्याच्या आधी हप्ता सुरू झाला की हप्ता भरायला दुसरं कर्ज काढा लागते, मग तिसरं, ती दोन बंद घरं अशीच झाली असतील. मी बायांना नेहमी सांगते, हप्ता मालाच्या विक्रीप्रमाणे पाहिजे, साहेबाच्या दौऱ्याप्रमाणे नाही.

तुमचा गट नियमित आहे का? पंचसूत्री पाळता ना, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी? तसं असेल तर पहिले पाच-दहा हजार गटातूनच घ्या, व्याज गटातच राहते. गटाला बँकेतून मिळणारं कर्ज तीन लाखांपर्यंत 7 टक्क्यानं आहे. पीएमएफएमई म्हणून केंद्राची योजना आहे, मुदत 2025-26 पर्यंतची, त्यात अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आणि मशीन घ्यायची झाली तर 35 टक्के अनुदान आहे. पण अनुदानासाठी मशीन घेऊ नका, उलटं नका करू. आधी विक्री बसवा, मग दोन-तीन वर्षानं वाटलं तर तेव्हा जी योजना चालू असेल तिच्यात प्रभागसंघातून (गटांच्या संघातून) अर्ज करा. मुद्रामध्ये शिशू कर्ज 50 हजारांपर्यंत बिनातारण आहे, पण ते पण आत्ता नको.

आता कागद. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे, सेतूवाला पाचशे-हजार मागतो तर देऊ नका, त्यानं फॉर्म भरायचे पन्नास-शंभर घेतले तर ठीक. डाळ पॅक करून विकणार म्हणून फूड लायसन्सवाल्यांची नोंदणी करा, फॉस्कॉसच्या साइटवर होते, छोट्या धंद्याला वर्षाची फी 100 रुपये. फोटो, ओळखपत्र, पत्ता एवढंच लागते. जीएसटीची काळजी नको, मालाच्या धंद्याला चाळीस लाखाच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पिशवीवर नाव, गाव, वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख आणि फूडचा नंबर टाका. छापील पिशव्या नका घेऊ, छापणारे हजार पिशव्यांच्या खाली घेत नाहीत आणि तुमच्या दोनशे पण संपणार नाहीत. साधी जाड पिशवी आणि वर स्टिकर.

आणि जिल्ह्याला आरसेटी आहे, बँकेतर्फे चालते, ट्रेनिंग फुकट, राहणं-खाणं पण फुकट. पोरगी लहान आहे म्हणून जमेल का माहीत नाही, पण सासूबाई सांभाळत असतील तर दहा दिवस काढा, हिशेब लिहायला तिथं चांगलं शिकवतात.

अगरबत्तीचं म्हणाल तर त्या तीन जणींना पण थांबवा. एक साधी गोष्ट करायला सांगा, त्या माणसाला म्हणा आम्ही मशीन उधार घेतो, तुम्ही आमचा माल घ्या आणि त्याच पैशातून मशीनचे पैसे कापून घ्या. तो हो म्हणणार नाही.


वऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. गटाच्या ताईंनी सांगितलं तसं आम्ही चौघी मिळून त्या माणसाला फोन केला आणि मशीनचे पैसे मालातून कापा म्हटलं, तर तो म्हणे कंपनीचा तसा नियम नाही, तुमच्या गावातल्या बायांना प्रगती करायचीच नाही. तिघींपैकी दोघींनी नाही म्हटलं, एक अजून विचारात आहे, तिच्या नवऱ्याला मी हा धागा वाचायला दिला आहे.

तूर आमची अडीच क्विंटल झाली, लाल मारुती वाणाची. नोंदणी केलेली नाही, मिस्टर म्हणतात यंदा उशीर झाला. सासरे आधी नाराज होते, तूर विकून त्यांना बोअरचे उधारीचे पैसे द्यायचे आहेत, मग ठरलं की दीड क्विंटल मार्केटला आणि एक क्विंटल माझ्याकडं. दारव्ह्याच्या अलीकडं एका गावात दालमिल आहे म्हणून कळलं, मिस्टर उद्या जाऊन भाव विचारून येतात.

आता दोन गोष्टी कळत नाहीत. सत्तर किलो डाळ विकायची कोणाला? नागपूरला माझी मावसबहीण आहे आणि इथं शाळेचे मास्तर, एवढेच ओळखीचे. आणि दुसरं, सगळी लगेच नाही विकली गेली तर पावसाळ्यात किडे लागतात, मागच्या वर्षी घरची डाळ आम्हाला फेका लागली होती.


नागपूरचा_गिऱ्हाईक

ताई मी नागपूरला राहतो, मूळचा आर्णीकडचा, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. ओळखीच्या माणसाकडून गावची बिनपॉलिशची डाळ मिळाली तर मी 150 रुपये आनंदानं देतो आणि आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण देतात. पण आम्हाला काय पाहिजे ते ऐका. एक, वर्षाची डाळ एकदम घेणारे आता कमी राहिले, फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही, म्हणून पाच-पाच किलोच्या पिशव्या करा. दोन, पहिल्यांदा अर्धा पाव डाळ नमुना म्हणून फुकट द्या, एका वेळच्या वरणापुरती, शिजवून पाहिली की घरातली बाईच ठरवते. तीन, खडा निघाला नाही पाहिजे. एक खडा दाताखाली आला की संपलं.

मावसबहिणीला विकायला नका सांगू, तिला अवघडल्यासारखं होईल आणि पैसे मागायला तुम्हाला. तिला फक्त तिच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकायला सांगा, दहा घरांनी पाच-पाच किलो सांगितलं तर पन्नास किलो तिथंच झालं. पैसे आधी यूपीआयनं, मग माल. आमच्या लोकांना त्याची सवय आहे, कोणी वाईट मानत नाही. दिग्रसवरून ट्रॅव्हल्सनं पोतं टाकलं तर भाडं किती पडते ते आधी विचारा आणि ते किमतीत धरा, नाहीतर सगळा नफा ट्रॅव्हल्सवाल्याच्या खिशात.


दुकानदार_दारव्हा

मास्तरांना पण नगदीच द्या ताई, त्यांचा पगार एक तारखेला होतो, दोन तारखेला डाळ घेऊन शाळेत जा. आणि डाळीचे पैसे वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात ठेवा, घरातल्या किराण्याला, पोरीच्या औषधाला त्यातून काढले तरी वहीत लिहून काढा. बोअरच्या उधारीला तर त्यातून अजिबात नाही, सासऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर सांगताना जड जाते.


डाळवाली_समुद्रपूर

किड्याचं मी सांगते. भुंगेरा अख्ख्या तुरीवर अंडी घालतो, कधीकधी वावरातूनच घेऊन येतो, डाळीला त्यामानानं कमी लागतो. म्हणून तूर तशीच ठेवून पावसाळ्यात भरडू म्हणाल तर नुकसान होते. मार्च-एप्रिलचं ऊन आहे तोपर्यंत सगळी भरडून घ्या. डाळ दाताखाली कडक फुटली पाहिजे, दबली तर अजून ओल आहे, परत ऊन द्या. उन्हातून काढल्याबरोबर गरम-गरम पिशवीत नका भरू, सावलीत रात्रभर थंड होऊ द्या, नाहीतर आतून घाम सुटतो आणि बुरशी येते. मागच्या वर्षी तुमची तशीच गेली असेल. कोठी, पिंप जे असेल ते आधी उन्हात तापवून घ्या, जुन्या डाळीचा एक दाणा त्यात राहू देऊ नका. कृषी केंद्रात तीन पदरी हवाबंद पिशव्या मिळाल्या तर दोन घ्या, त्यात हवा राहत नाही म्हणून किडा जगत नाही, दोन-तीन वर्षं वापरता येतात.

मिस्टर मिलवर चालले आहेत तर त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: भरडाई क्विंटलला किती, चुणी आपल्याला परत मिळते का मिलवाला ठेवून घेतो (बरेच जण ठेवून घेतात, मग भरडाई कमी करून मागा), आणि एक क्विंटल एकटी टाकता येते का दुसऱ्याच्या तुरीत मिसळतात. मिसळत असेल तर तिथं देऊ नका, दुसरी मिल पाहा. आणि सोबत पाव किलो तूर घेऊन जायला सांगा, मिलवाला हातात घेऊनच सांगतो किती डाळ पडेल ते.


वऱ्हाडची_लेक

मिस्टर जाऊन आले. भरडाई साडेआठशे सांगतो, चुणी परत देतो आणि एक क्विंटल वेगळी काढून देतो म्हणे, पण पुढच्या आठवड्यात नंबर आहे. तूर पाहून म्हणे सत्तर नाही पण अडुसष्ट पडेल, दाणा थोडा बारीक आहे. आज दुपारी सासूबाई आणि मी चाळायला बसलो होतो, अर्ध्याच्या वर झाली. फूडची नोंदणी सेतूवर जाऊन करते उद्या. मावसबहिणीनं ग्रुपवर विचारलं, चार घरांनी पाच-पाच किलो सांगितली आहे, भाव अजून सांगितला नाही. 140 सांगू का 150?


नागपूरचा_गिऱ्हाईक

पहिल्या खेपेला 140 सांगा आणि ट्रॅव्हल्सचं भाडं वेगळं. मला पण दहा किलो ठेवा, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो.